गुडघ्याचं इम्प्लांट सैल झालंय का? स्कॅन करण्याआधी जुना एक्स-रे शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचा उजवा गुडघा साडेचार वर्षांपूर्वी बदलला. चार वर्षं छान गेली. गेले सहा महिने खुर्चीतून उठून पहिली चार पावलं टाकताना गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या भागात दुखतं. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘टिबियल कंपोनंटखाली रेडिओल्युसंट लाइन, लूझनिंगची शक्यता’ असं लिहून आलंय. मग एका डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला, दुसऱ्यांनी एमआरआय, आणि तिसरे म्हणाले की सरळ रिव्हिजन, म्हणजे इम्प्लांट बदलायचं ऑपरेशन, करून टाकू. यातली कोणती तपासणी केली की नक्की कळेल, असं तुम्ही विचारलंय.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि गेली २२ वर्षं मुख्यतः बदललेले गुडघे पुन्हा उघडण्याचं काम करते. त्यामुळे आधी उत्तर देते, कारणं नंतर. एकदा केली आणि नक्की कळलं, अशी कोणतीही तपासणी नाही. पण सगळ्यात उपयोगाची वस्तू बहुधा तुमच्या घरातच फायलीत पडून आहे, आणि तुम्ही लिहिल्यावरून तरी तिघांपैकी कोणी ती मागितलेली दिसत नाही. ती म्हणजे ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे, आणि त्यानंतर दर वर्षी तपासणीला गेलात तेव्हा काढलेले सगळे.

गुडघा बदलताना मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर धातूचा ट्रे बसतो (रिपोर्टमधला ‘टिबियल कंपोनंट’), दोघांच्या मध्ये पॉलिथिलीनचं प्लास्टिक, आणि काही जणांना वाटीच्या मागेही प्लास्टिकची चकती. धातू आणि हाड यांच्यामध्ये बहुतेक वेळा बोन सिमेंट असतं. म्हणजे पकड दोन जागी असते, हाड आणि सिमेंट यांच्यात एक, सिमेंट आणि धातू यांच्यात दुसरी. सैलपणा यातल्या कुठल्याही जागी सुरू होऊ शकतो. पहिल्या जागी तो सुरू होण्याचं एक मोठं कारण म्हणजे प्लास्टिकची झीज. झिजून निघालेले सूक्ष्म कण शरीरातल्या पेशी गिळतात, त्यातून दाह होतो आणि हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. हाड विरघळत जातं, त्याला आम्ही ऑस्टिओलायसिस म्हणतो. काही वेळा झिजेचा संबंध नसतो, हाडाला सिमेंटची पकड मुळातच पुरेशी मिळालेली नसते किंवा पाय वाकडा राहिल्याने एकाच बाजूवर भार येत राहतो. काहीही असो, हाड आणि सिमेंट यांच्यामध्ये मऊ तंतुमय पडदा तयार होतो. त्यातून एक्स-रे सहज आरपार जातात, म्हणून तिथे काळी रेघ उमटते. रिपोर्टमधली रेडिओल्युसंट लाइन ती हीच.

पण ती रेघ दिसली म्हणजे इम्प्लांट सैल झालं, असं अजिबात नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यापायी चांगले बसलेले गुडघे उघडले गेलेले मी पाहिलेत. नडगीच्या माथ्याचं आतल्या बाजूचं हाड संधिवातात घासून घासून दगडासारखं कठीण झालेलं असतं. ऑपरेशनच्या वेळी अशा हाडात सिमेंट नीट शिरत नाही. मग तिथे पहिल्या वर्षभरात एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक रेघ दिसू लागते, तिच्या कडेला पांढरी, धारदार, नेटकी किनार असते, आणि ती आहे तेवढीच राहते. दहा वर्षांनी पाहिली तरी तेवढीच. आंशिक गुडघा बदललेल्यांमध्ये, म्हणजे ज्यांची एकच बाजू बदलली आहे त्यांच्यात, ट्रेखाली अशी निरुपद्रवी रेघ फारच सर्रास दिसते. दुखण्याचं कारण सापडलं नाही की बिचाऱ्या रेघेवर खापर फोडलं जातं.

मग काळजी कशाची करायची? रेघ २ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तिच्या कडा पुसट आणि खडबडीत असतील, ती ट्रेच्या एका कोपऱ्यापुरती न राहता खालून सगळीकडे पसरली असेल, ट्रेखालून हाडात जाणाऱ्या दांड्याभोवतीही उतरली असेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या एक्स-रेपेक्षा वाढली असेल. १९८९ साली फ्रेडरिक इवाल्ड यांनी अमेरिकेतल्या गुडघा-शल्यचिकित्सकांच्या ‘नी सोसायटी’साठी हे मोजण्याची पद्धत मांडली. समोरून काढलेल्या एक्स-रेत ट्रेखालच्या हाडाचे सात विभाग पाडायचे, प्रत्येक विभागातली रेघ मिलिमीटरमध्ये मोजायची आणि बेरीज करायची. बेरीज ४ किंवा कमी असेल आणि वाढत नसेल तर तिला फारसा अर्थ नाही. ५ ते ९ असेल तर बारकाईने लक्ष ठेवायचं. १० किंवा जास्त असेल तर, दुखत असो वा नसो, इम्प्लांट निकामी होण्याच्या मार्गावर आहे असं धरायचं. पुढे या पद्धतीत सुधारणा झाल्या, पण तिचा गाभा अजून तोच आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये रेघ कुठे, किती रुंद आणि आधीपेक्षा किती वाढली, यातलं एकही लिहिलेलं नाही. रेडिओलॉजिस्टचा यात दोष नाही. त्यांच्या समोर तुलनेला जुना एक्स-रेच ठेवला नसेल तर ते ‘शक्यता’ याहून जास्त काय लिहिणार?

रेघेपेक्षाही खात्रीची खूण म्हणजे इम्प्लांटने जागा सोडणं. ट्रे आतल्या बाजूला खचला, तिरका झाला, मांडीकडची टोपी पुढे-मागे कलली, सिमेंटला तडा गेला, धातूच तुटला. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेत ट्रे नडगीच्या अक्षाशी काटकोनात होता आणि आज तो चार अंशांनी आत कलला आहे, असं दिसलं की पुढचा वाद मिटतो. पण हे दिसायला दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावावे लागतात. एकट्या आजच्या फोटोत चार अंश कललेला ट्रे पाहून तो तसाच बसवला होता की नंतर कलला, हे जगातला कोणीही सांगू शकणार नाही.

एक्स-रे कसा काढला यावरही बरंच अवलंबून आहे. रेघ एक मिलिमीटरची आणि तिच्यावर धातूचा सपाट ट्रे. किरण ट्रेच्या पृष्ठभागाला अगदी समांतर गेले तरच रेघ दिसते. दोन-चार अंश वर-खाली झाले की धातूची सावली रेघेवर पडते आणि रेघ गायब. उलटही होतं, मागच्या वेळी कोन चुकला म्हणून रेघ दिसली नाही, या वेळी कोन जमला म्हणून दिसली, आणि रिपोर्टमध्ये ‘नवीन रेघ’ असं लिहिलं जातं. म्हणून शंका असेल तेव्हा मी रुग्णाला सी-आर्म, म्हणजे पडद्यावर हलता एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली घेते. पडद्यावर पाहत पाहत पाय हळूहळू फिरवायचा आणि नळी थोडी कलवायची. सुरुवातीला ट्रे लांबट बशीसारखा दिसतो. मग बशी चपटी होत जाते, आणि एका क्षणी तिची पुढची आणि मागची कड एकमेकींवर येऊन एकच पांढरी धारदार रेषा उरते. तिथे थांबायचं आणि फोटो घ्यायचा. नेहमीच्या एक्स-रेत काहीच न दिसलेली रेघ या एका फोटोत लख्ख दिसल्याचा अनुभव मला अनेकदा आलाय. या तपासणीला दहा मिनिटं लागतात. ती फार कमी वेळा मागितली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साध्या एक्स-रेतही किमान तीन फोटो हवेत: उभं राहून पायावर भार देऊन समोरून, बाजूने, आणि गुडघा वाकवून वाटीचा, ज्याला स्कायलाइन व्ह्यू म्हणतात. झोपून काढलेल्या फोटोत प्लास्टिक किती झिजलंय ते कळत नाही, कारण भार नसताना धातूंमधलं अंतर खोटं वाढलेलं दिसतं. बाजूच्या फोटोतही एक अडचण असते. मांडीकडची टोपी बहुधा कोबाल्ट-क्रोमची, म्हणजे किरणांना जवळपास अपारदर्शक. तिच्या मागे हाड कितीही पोखरलेलं असलं तरी सावलीत झाकलं जातं. तिरप्या कोनातले एक-दोन फोटो काढले तर थोडं उघडं पडतं. शिवाय, दोन-तीन वर्षांत ट्रेखालच्या हाडाची घनता कमी झालेली दिसू शकते. भार धातूवरून जातो म्हणून हाड थोडं विरळ होतं, तो सैलपणा नसतो. आणि सिमेंटशिवाय बसवलेलं इम्प्लांट असेल तर ते सुरुवातीच्या महिन्यांत किंचित रुतून मग स्थिर होऊ शकतं, तेव्हाच्या हालचालीला घाबरायचं नसतं.

दोन रुग्ण सांगते, म्हणजे दोन्ही बाजू समजतील.

पहिल्या बाई, वय ७१, तुमच्या आईंसारखाच रिपोर्ट, ‘लूझनिंगची शक्यता’, आणि रिव्हिजनची तारीखही ठरलेली. दुसरं मत घ्यायला आल्या. मी जुने एक्स-रे मागितले. मुलगा दोन दिवसांनी पिवळी पडलेली पाकिटं घेऊन आला. ऑपरेशननंतर चार महिन्यांच्या फोटोत तीच रेघ, त्याच जागी, तेवढीच रुंद, सहा वर्षांत केसभरही फरक नाही. मग मी त्यांना आडवं झोपवून खुब्याच्या सांध्यातून पाय आत फिरवला, तर त्या कळवळल्या. खुब्याचा सांधा पूर्ण झिजला होता. खुब्याचं दुखणं मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं, पण गुडघ्यात धातू असला की सगळ्यांची नजर तिथेच खिळते. म्हणून बदललेला गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा खुबा आणि पाठ तपासायची आणि शंका आली तर खुब्याचा एक्स-रे काढायचा, हा माझा नियम आहे.

दुसरे एक गृहस्थ, ऑपरेशनला तीन वर्षं झालेली, पहिल्या पावलांना जबरदस्त दुखायचं, चालायला लागले की जरा कमी व्हायचं. या दुखण्याला आम्ही स्टार्ट-अप पेन म्हणतो, आणि सैल इम्प्लांटची ती फार बोलकी खूण आहे. एक्स-रे स्वच्छ. सीटी स्वच्छ. जिथे जातील तिथे त्यांना सांगितलं गेलं की सगळं छान आहे, व्यायाम करा. सी-आर्मखाली ट्रेची कड एका रेषेत आणून मी पायाला बाहेरून आत दाब दिला, तेव्हा ट्रे आणि सिमेंट यांच्यामध्ये धाग्याएवढी फट उघडली आणि दाब सोडताच मिटली. ऑपरेशनमध्ये ट्रे बोटांनी उचलला गेला. खाली सिमेंटचा पूर्ण ठसा हाडाला घट्ट चिकटलेला, गुळगुळीत, जणू साच्यातून वस्तू काढावी. ज्याला फसवा प्रकार म्हणावासा वाटतो तो हाच. सिमेंट हाडाला धरून आहे, धातू सिमेंटपासून सुटलाय. भार नसताना धातू पुन्हा आपल्या खाचेत बसतो, त्यामुळे स्थिर फोटोत रेघच दिसत नाही. एक्स-रे चांगला आहे म्हणून दुखणं खोटं, असं कोणी म्हणालं की मला हे गृहस्थ आठवतात.

आता स्कॅनकडे वळते. पण त्याआधी एक गोष्ट, आणि यात मी तडजोड करत नाही. कोणताही महागडा फोटो काढण्याआधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घ्यायची. दबून राहिलेला संसर्ग हुबेहूब सैलपणासारखा दुखतो, एक्स-रेत सैलपणासारखाच दिसू शकतो, आणि पुष्कळदा काहीच दिसत नाही. दोन्हींचं ऑपरेशन मात्र वेगळं असतं. संसर्ग असताना साधं रिव्हिजन केलं तर नवं इम्प्लांटही जातं. म्हणून रक्तातलं सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन चाचण्या, करायच्याच. ते वाढलेलं असेल किंवा संशय असेल तर सुईने सांध्यातलं पाणी काढून पेशी मोजायच्या आणि कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवायचं. इथे एक चूक वारंवार होते. नैसर्गिक सांध्यातल्या संसर्गात पेशींची संख्या ५०,००० च्या आसपास किंवा पुढे असते, ते आकडे डोक्यात असलेला माणूस ४,००० पेशी पाहून ‘विशेष काही नाही’ म्हणतो. बदललेल्या गुडघ्याच्या जुनाट संसर्गात मात्र प्रति मायक्रोलिटर ३,००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असणं हीच धोक्याची खूण धरतात. आणि पाणी काढण्याआधी अँटिबायोटिक चालू असेल तर जंतू वाढतच नाहीत आणि कल्चर खोटं निर्दोष येतं. शक्य असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे आधी ते थांबवतात. ‘बघूया फरक पडतो का’ म्हणून आईंना अँटिबायोटिकचा कोर्स कोणी दिला असेल तर तो सुरू करण्याआधी पाणी काढायला हवं होतं. दिलाच असेल तर नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बोन स्कॅन. टेक्नेशियम ९९एम जोडलेलं औषध शिरेतून देतात. जिथे हाडाची उलाढाल जास्त, तिथे ते जास्त जमतं आणि तो भाग स्कॅनमध्ये गडद दिसतो. कल्पना चांगली आहे. अडचण अशी की बदललेल्या गुडघ्याभोवतीचं हाड बराच काळ उलाढाल करतच राहतं. काहीही त्रास नसलेल्या लोकांचे स्कॅन केले तेव्हा ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावरही ६० टक्क्यांहून जास्त जणांमध्ये मांडीकडच्या भागाभोवती आणि जवळपास ९० टक्के जणांमध्ये नडगीकडच्या भागाभोवती जास्तीचं औषध जमलेलं दिसलं. म्हणजे आईंचा स्कॅन केला आणि ट्रेखाली गडद डाग आला, तर त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. उलट दिशेने मात्र तो कामाचा आहे. स्कॅन पूर्ण शांत आला, तर सैलपणा किंवा संसर्ग असण्याची शक्यता बरीच कमी होते आणि दुसरीकडे कारण शोधायला आत्मविश्वास येतो. म्हणून मी तो ‘नाही’ म्हणून घ्यायला मागवते, ‘हो’ म्हणून घ्यायला नाही. पहिल्या दीड-दोन वर्षांत तर मी तो सहसा मागवतच नाही. तुमच्या आईंना साडेचार वर्षं झालीत, त्यामुळे करायला हरकत नाही. फक्त गडद डाग आला म्हणून कोणी त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख दिली तर थांबा.

याच स्कॅनला सीटीची जोड दिली की त्याला स्पेक्ट-सीटी म्हणतात. साध्या स्कॅनमध्ये ‘गुडघ्याभोवती कुठेतरी गडद’ एवढंच कळतं, स्पेक्ट-सीटीत तो डाग ट्रेच्या दांड्याच्या टोकाशी आहे, की आतल्या कडेखाली, की वाटीत, हे कळतं. वाटीत निघाला तर दुखण्याची गोष्टच बदलते. साधा बोन स्कॅन आणि हा, यांत निवड असेल तर मी हा घेईन. पांढऱ्या पेशींना किरणोत्सारी खूण लावून केलेला स्कॅन संसर्ग ओळखायला उपयोगी पडतो, विशेषतः अस्थिमज्जेच्या स्कॅनची जोड दिली तर. सैलपणासाठी तो नसतो. पेट स्कॅन अतिसंवेदनशील आहे, साध्या दाहातही पेटतो. या प्रश्नासाठी तो माझ्या पहिल्या काही पर्यायांत येत नाही.

सीटीचं मोल मला फार वाटतं, पण वेगळ्या कारणासाठी. एक्स-रेत सुपारीएवढा दिसणारा हाडातला खड्डा सीटीत लिंबाएवढा निघतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. एक्स-रे हाडाचं नुकसान कमीच दाखवतो, आणि रिव्हिजन करणाऱ्याला ऑपरेशनच्या टेबलावर तो खड्डा अचानक सामोरा आला तर हाताशी योग्य इम्प्लांट नसतं. शिवाय टोपी आणि ट्रे हाडाच्या अक्षाभोवती किती फिरवून बसवलेत हे फक्त सीटीत नीट मोजता येतं, आणि चुकीच्या फिरवणीने वाटी दुखते, गुडघा आखडतो. दुखण्याचं कारण सैलपणा नसून ते निघू शकतं. मात्र सीटी सांगताना ‘धातूमुळे येणारे पट्टे कमी करण्याची पद्धत वापरावी’ असं स्पष्ट लिहायला लावा. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या सीटीत धातूभोवती काळे-पांढरे पट्टे पसरतात आणि नेमका ट्रेखालचा एक-दोन मिलिमीटरचा भाग त्यात बुडतो. अलीकडे गुडघ्यावर एकदा आतून आणि एकदा बाहेरून ठरावीक दाब देऊन दोन सीटी काढायचे आणि संगणकाने ट्रे हाडाच्या तुलनेत किती हलला ते मोजायचं, असं तंत्र विकसित होतंय. मला ते फार आश्वासक वाटतं, कारण ते थेट हालचाल मोजतं. सैल म्हणजे हलणारं, मग स्थिर वस्तूचा आणखी एक स्थिर फोटो काढण्यापेक्षा हे जास्त सरळ आहे. सी-आर्मखाली मी हाताने जे करते त्याचीच ही मोजमाप असलेली आवृत्ती.

एमआरआयबद्दल दोन शंका नेहमी येतात. पहिली, मशीन धातू ओढून घेईल का? गुडघ्याच्या इम्प्लांटमध्ये वापरले जाणारे कोबाल्ट-क्रोम आणि टायटॅनियम असे ओढले जात नाहीत. तरीही शरीरात कोणकोणता धातू आहे, पेसमेकर आहे का, हे तंत्रज्ञांना सांगायलाच हवं. दुसरी, धातूमुळे फोटो बिघडतो ना? बिघडतो, आणि टायटॅनियमपेक्षा कोबाल्ट-क्रोमने जास्त. त्यासाठी सेमॅक आणि मॅव्हरिक नावाच्या खास पद्धती आहेत, त्यांनी बिघाड बराच कमी होतो. ३ टेस्लाच्या मशीनपेक्षा १.५ टेस्लाचं मशीन इथे बरं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण चुंबक जितका ताकदवान तितका धातूचा गोंधळ जास्त. या पद्धतीने केलेल्या एमआरआयमध्ये हाड आणि सिमेंटमधला तंतुमय पडदा, त्यातलं पाणी, विरघळलेलं हाड, स्नायूबंध आणि सांध्याचं अस्तर असं सगळं दिसू शकतं. या पद्धती उपलब्ध नसतील आणि नेहमीचाच एमआरआय होणार असेल, तर आईंना त्या नळीत पाऊण तास झोपवू नका. हाती काळ्या गोळ्याचे फोटो येतील.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझी सगळी विचारपद्धत तिच्यावर उभी आहे. स्वीडनमधल्या लुंड इथे योरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये आरएसए नावाचं तंत्र मांडलं. ऑपरेशनच्या वेळी हाडात टॅन्टलमचे जेमतेम मिलिमीटरभर व्यासाचे मणी सोडायचे, मग ठरावीक काळाने दोन दिशांनी एकाच वेळी एक्स-रे काढून इम्प्लांट त्या मण्यांच्या तुलनेत किती सरकलं ते मोजायचं. मिलिमीटरच्या काही दशांशापर्यंत अचूक. १९९५ मध्ये लुंडच्याच परंपरेतल्या लेइफ रिड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जे ट्रे पुढे सैल झाले ते पहिल्या वर्षानंतरही सरकत राहिले होते, आणि पहिल्या ते दुसऱ्या वर्षादरम्यान ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकणं ही धोक्याची खूण ठरली. म्हणजे दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी आधी. हे तंत्र नव्या इम्प्लांटच्या अभ्यासासाठी वापरतात, मणी आधीच टाकलेले नसतील तर नंतर उपयोग नाही, त्यामुळे तुमच्या आईंना ते लागू नाही. पण सैलपणा काळाच्या ओघात मोजावा लागतो हे त्यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

एक्स-रे पाहून सैलपणा ओळखणाऱ्या संगणक प्रणालींबद्दलही हल्ली विचारणा होते. उपयोग होईल, पण एकाच फोटोवर निर्णय देणाऱ्या प्रणालीला जुना फोटो न पाहणाऱ्या डॉक्टरइतकीच मर्यादा आहे.

आता आईंसाठी. आधी सगळे जुने एक्स-रे गोळा करा, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा असेल तर तोही. जिथे काढले तिथून सीडी किंवा डायकॉम फाइल, म्हणजे एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल, मागा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका, तो तिरका येतो आणि त्यावर मिलिमीटर मोजता येत नाहीत. मूळ फाइल असली की ट्रेची खरी रुंदी इम्प्लांटच्या स्टिकरवरून घेऊन फोटोचं प्रमाण जुळवता येतं. ते स्टिकर डिस्चार्ज कार्डाला चिकटवलेलं असतं, नसेल तर ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागा. इम्प्लांटचं मॉडेल, सिमेंट होतं की नाही, हे सगळं त्यात असतं आणि रिव्हिजन करावं लागलंच तर त्याशिवाय अडतं.

मग उभं राहून नवे तीन फोटो, खुब्याची तपासणी, सीआरपी आणि ईएसआर. इथपर्यंत पुष्कळदा उत्तर मिळतं. जुन्या-नव्या फोटोंत ट्रे सरकलेला दिसला आणि संसर्ग नसेल, तर आणखी स्कॅनची गरज नाही. हाड किती गेलंय हे पाहायला सीटी करून ऑपरेशनची तयारी करायची. दोन्ही फोटो सारखेच असतील पण पहिल्या पावलांचं दुखणं तसंच असेल, तर सी-आर्मखाली तपासून घ्या, मग स्पेक्ट-सीटी किंवा धातूसाठीच्या पद्धतीने केलेला एमआरआय. सगळं निर्दोष आलं आणि कारण सापडलंच नाही, तर ‘उघडून बघू’ या सल्ल्याला नकार द्या. कारण न सापडता केलेल्या रिव्हिजननंतर दुखणं बहुधा राहतंच, आणि गुडघा आधीपेक्षा कमकुवत होतो. अशा वेळी तीन-चार महिन्यांनी त्याच स्थितीत, त्याच कोनात पुन्हा एक्स-रे काढून तुलना करणं हाच प्रामाणिक मार्ग आहे.

ताप येऊ लागला, गुडघा लाल-गरम झाला, टाक्यांच्या जागेतून पाणी येऊ लागलं, किंवा एकाएकी पायावर भारच देता येईना, तर मात्र तीन महिने काय, तीन दिवसही थांबू नका.

तोपर्यंत आईंना काठी द्या. दुखणारा गुडघा उजवा आहे, म्हणून काठी डाव्या हातात, आणि उजवं पाऊल पडेल तेव्हा काठीही टेकायची. पहिल्या पावलांच्या आधी खुर्चीतच दहा वेळा गुडघा सरळ-वाकडा करायला सांगा. आणि कोणत्या क्षणी, कुठे बोट ठेवता येईल अशा जागी दुखतं, ते एका कागदावर लिहून ठेवायला सांगा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद एक्स-रेच्या पाकिटातच ठेवा.